बंदिशाळेतील दर्शन : 'सिंबेलीन'च्या पाचव्या अंकातील चौथ्या प्रवेशावरील भाष्य

पूर्वपीठिका

शेक्सपिअरने 'सिंबेलीन' 1610 च्या सुमारास लिहिले. 1623 च्या पहिल्या फोलिओत ते शोकांतिकांमध्ये, ग्रंथाच्या अगदी शेवटी छापलेले आहे. नाटकाचा शेवट मात्र सुखाचा आहे. काळ ऑगस्टस सीझरचा, स्थळ मुख्यतः ब्रिटन. राजा सिंबेलीनची मुलगी इमोजेन हिने राजवाड्यातच वाढलेल्या पॉस्थ्युमस लिओनेटस या पोरक्या तरुणाशी गुपचूप लग्न केले, म्हणून राजाने त्याला हद्दपार केले. रोममध्ये याकिमो नावाच्या इटालियनाशी त्याने बायकोच्या पातिव्रत्यावर पैज लावली. याकिमो पेटाऱ्यात लपून तिच्या शयनगृहात शिरला, ती झोपेत असताना तिच्या हातातले कडे काढून घेतले, अंगावरचा तीळ पाहून ठेवला आणि पैज जिंकल्याचा बनाव रचला. पॉस्थ्युमसने तो खरा मानला आणि पिझानिओ या नोकराला तिला ठार मारण्याचा हुकूम धाडला. पिझानिओने हुकूम पाळला नाही; पुरावा म्हणून रक्ताने माखलेले फडके तेवढे पाठवले.

पाचव्या अंकाच्या आरंभी ते फडके हातात घेऊन पॉस्थ्युमस उभा आहे. तिथली एक गोष्ट ध्यानात धरल्याशिवाय बंदिशाळेचा प्रवेश कळत नाही. इमोजेन निर्दोष आहे हे त्याला अजून ठाऊक नाही. तिचा पाय घसरला असेच तो समजतो आणि तरीही तिला मारल्याचा दोष स्वतःवर घेतो. ऑथेल्लोला पश्चात्ताप होतो तो डेस्डेमोनाचे निर्दोषत्व उघड झाल्यावर; 'द विंटर्स टेल'मधल्या लिऑन्टिझचेही तेच. पॉस्थ्युमस पुराव्याची वाट पाहत नाही. शेक्सपिअरच्या संशयी नवऱ्यांमध्ये हा एकटाच असा आहे.

पुढे तो ब्रिटिश शेतकऱ्याच्या वेषात लढतो आणि एका अरुंद वाटेवर बेलेरिअस हा हद्दपार सरदार व राजाचे लहानपणीच हरवलेले दोन राजपुत्र यांच्यासह हरलेली लढाई फिरवतो. मरण हवे होते, ते रणात मिळाले नाही, म्हणून पुन्हा रोमन वेष चढवून तो आपण होऊन ब्रिटिशांच्या हाती सापडतो. बंदिशाळा त्याने स्वतः निवडली आहे. माझ्या मते या प्रवेशाचे सूत्र असे : पश्चात्ताप हे माणसाचे काम, कृपा हे देवाचे, आणि या दोहोंमध्ये देवघेवीचा सौदा नसतो. भाष्य याच सूत्राने चालेल. ओळींचे आकडे त्या-त्या भाषणापुरते धरावेत.

पहारेकऱ्यांचे दोन उद्गार

पहिला पहारेकरी बेड्या घालून झाल्यावर म्हणतो की, आता तुला कोणी चोरून नेणार नाही. जिथे चारा मिळेल तिथे चर. दुसरा पुस्ती जोडतो : भूक असेल तर. दावणीला बांधलेल्या जनावराशी बोलावे तसे हे बोलणे आहे. पण याच पहिल्या उद्गारात कुलूप येते, आणि पुढच्या स्वगताचा सगळा व्यवहार कुलूप, किल्ली आणि खीळ यांच्या भोवती फिरतो. पहारेकऱ्याने सहज टाकलेला शब्द कैदी उचलतो आणि त्यालाच प्रार्थना करून टाकतो.

स्वगत, ओळी 1 ते 9

पॉस्थ्युमस बंधनाचे स्वागत करतो, कारण स्वातंत्र्याची वाट त्यातूनच जाते असे त्याला वाटते. संधिवाताचा रोगी कायम कण्हत पडेल, पण मृत्यू या हमखास वैद्याकडून बरे व्हायला तयार होणार नाही. त्याच्यापेक्षा मी बरा, असे तो म्हणतो. मृत्यू ही कुलपे उघडणारी किल्ली आहे. इथपर्यंतचे बोलणे कुठल्याही जीवनाला विटलेल्या माणसाचे असू शकते.

सहाव्या ओळीच्या शेवटाला ते बदलते. पायांना आणि मनगटांना जेवढ्या बेड्या आहेत त्यांहून जड बेड्या आपल्या सदसद्विवेकाला आहेत, हे तो ओळखतो. शरीराचे कुलूप मृत्यू उघडेल. आतले कुलूप तेवढ्याने उघडणार नाही. म्हणून तो देवांकडे एक हत्यार मागतो : आतली खीळ काढता येईल असे पश्चात्तापाचे हत्यार. खीळ मात्र तो स्वतः काढणार आहे. देवांनी दार उघडावे असे त्याचे मागणे नाही.

स्वगत, ओळी 9 ते 15

इथे तो स्वतःची उलटतपासणी घेतो. वाईट वाटले, एवढे पुरे का? मुले बापाची समजूत एवढ्यावरच घालतात, आणि देव तर बापाहून दयाळू. मग पश्चात्ताप करायला हवा का? तो करायला बेड्यांहून चांगली जागा कोणती, विशेषतः त्या लादलेल्या नसून हव्याशा असताना? आणि भरपाई करायची असेल, तर माझ्याजवळ आहे ते सगळे घ्या.

खेद, पश्चात्ताप, भरपाई हा क्रम शेक्सपिअरने हवेतून आणलेला नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचे तीन भाग सांगितले जात : मनापासून वाटणारे दुःख, पापाची कबुली आणि केलेल्या पापाची भरपाई. ख्रिस्तपूर्व ब्रिटनमधला रोमन देवांना मानणारा कैदी याच पायऱ्या चढतो आहे. कबुली ऐकणारा धर्मगुरू मात्र कोठडीत नाही. प्रश्न तोच विचारतो आणि उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

शंका : ख्रिस्ती विचार मांडायचा होता, तर रोमन देवांचा पडदा कशाला?

समाधान : दोन कारणे दिसतात. इंग्लंडमध्ये 1606 च्या कायद्याने रंगभूमीवर ईश्वराचे किंवा ख्रिस्ताचे नाव उथळपणे वा अवमानाने घेण्यास मनाई झाली होती आणि दंड दहा पौंडांचा होता. त्यानंतरच्या नाटकांत रोमन-ग्रीक देवतांची वर्दळ वाढलेली दिसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. होलिनशेडच्या बखरीनुसार सिंबेलीनच्या कारकिर्दीतच ख्रिस्ताचा जन्म झाला. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या कोठडीतली याचना एका मोठ्या घटनेच्या उंबरठ्यावर ऐकू येत असणार. नाटक त्या जन्माचा उच्चार कुठेच करत नाही.

स्वगत, ओळी 16 ते 27

आता भाषा धर्माकडून बाजाराकडे वळते. माणसे दिवाळे निघालेल्या ऋणकोकडून तिसरा, सहावा, दहावा हिस्सा घेतात, बाकीची सूट देतात आणि त्याला पुन्हा उभा राहू देतात. मला अशी सूट नको, असे पॉस्थ्युमस देवांना सांगतो. इमोजेनच्या जिवाबद्दल माझा जीव घ्या. तो तिच्याइतका मोलाचा नाही, पण जीव तर आहे, आणि तो तुमच्याच टांकसाळीत पाडलेला आहे.

नाण्याचा हा दाखला त्या काळच्या लंडनकराला लगेच कळणारा होता. सोन्या-चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून घेण्याचा गुन्हा सर्रास चाले, त्यामुळे वजनाला हलकी नाणी चलनात फिरत. रोजच्या व्यवहारात प्रत्येक नाणे काट्यावर टाकत नसत. वरचा छाप पाहून घेत. पॉस्थ्युमसचा युक्तिवाद हाच आहे : मी वजनाला कमी भरेन, पण छाप तुमचा आहे, तेव्हा इतरांनी नाकारले तरी तुम्ही मला नाकारू नये. शेवटी तो हिशेब तपासून घ्या म्हणतो, जीव घ्या म्हणतो आणि ही थंडगार बंधने रद्द करा म्हणतो. कर्जरोखा आणि बेडी दोन्ही एकाच शब्दात रद्द होतात. मग इमोजेनला मौनात बोलेन, असे म्हणून तो झोपी जातो.

हे स्वगत थोर का वाटते? त्यातली नम्रता खरी आहे. 'माझे सगळे घ्या' म्हणणारा माणूस बहुधा आपल्या त्यागावर खूश असतो; हा आपला जीव हलके नाणे म्हणून पुढे करतो. पण त्याची कल्पनाशक्ती अजून हिशेबात अडकलेली आहे. जिवाला जीव, देण्याला घेणे. देव त्याचे हे मागणे मान्य करत नाहीत, आणि या प्रवेशाचे मर्म त्या नकारात आहे.

छायांचे आगमन

गंभीर वाद्यसंगीत सुरू होते. रंगसूचनेनुसार वृद्ध सिसिलिअस लिओनेटस योद्ध्याच्या वेषात पत्नीचा हात धरून येतो. मागून रणात पडलेले दोन तरुण मुलगे अंगावरच्या जखमांसह येतात. सगळे झोपलेल्या पॉस्थ्युमसभोवती फेर धरतात. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात आपण ऐकलेले असते की, दोन मुले लढाईत गेल्याच्या दुःखाने बाप वारला आणि आई या मुलाच्या जन्मावेळी गेली. पॉस्थ्युमसने यांतल्या कोणाचाही चेहरा पाहिलेला नाही. जे घर त्याला कधी लाभले नाही ते बंदिशाळेच्या फरशीवर त्याच्याभोवती उभे राहते.

छायांचे छंद जुने आहेत : आठ आणि सहा अक्षरांच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळी. 1610 पर्यंत हा घाट जुनाट झालेला होता; आर्थर गोल्डिंगने ओव्हिडचे भाषांतर 1567 मध्ये केले ते अशाच लांब ओळींत. स्वगताच्या निर्यमक, वळणे घेणाऱ्या ओळींनंतर हा ठेका कानाला खडबडीत लागतो.

शंका : हा भाग शेक्सपिअरचा नाहीच. अलेक्झांडर पोपने 1725 च्या आपल्या आवृत्तीत हे दर्शन मागाहून घुसडलेले ठरवून मुख्य संहितेतून खाली ढकलले. शेक्सपिअरच्या काळातल्या सायमन फोरमन या प्रेक्षकाने हे नाटक पाहून कथानक टिपून ठेवले, त्यातही दर्शनाचा उल्लेख नाही.

समाधान : फोरमनचे टिपण इमोजेन रोमन सेनापती लूशिअसला सापडते तिथपर्यंत येऊन थांबते, पाचव्या अंकाविषयी ते साक्षच देत नाही. छंदाचे म्हणाल, तर एका प्रवेशात चार प्रकारचे बोलणे मुद्दाम रचलेले दिसते : कैद्याची निर्यमक ओळ, मृतांचा जुना ठेका, ज्यूपिटरची आलटून-पालटून जुळणारी यमके आणि पहारेकऱ्याचे गद्य. मागच्या पिढीने मागच्या पिढीच्या छंदात बोलावे, हे नाटककाराच्या नजरेतून अगदी सुसंगत आहे. जी. विल्सन नाइट यांनी 1947 च्या 'द क्राउन ऑफ लाइफ'मध्ये हे दर्शन नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

छायांची फिर्याद

बाप मेघगर्जनेच्या धन्याला, म्हणजे देवांचा राजा ज्यूपिटरला, दटावतो : माशांसारख्या क्षुद्र मर्त्यांवर राग काढू नकोस, भांडायचेच तर मार्सशी भांड. पोरक्यांचा बाप म्हणवतोस, मग माझ्या पोराचा बाप का झाला नाहीस? आई सांगते की, प्रसूतीच्या देवीने साथ दिली नाही आणि मूल तिच्या देहातून फाडून काढावे लागले. भाऊ त्याच्या पराक्रमाचा दाखला देतात. याकिमोसारख्या हलक्या माणसाला त्याचे मन नासवू का दिलेस, असा जाब बाप विचारतो. शेवटी धमकी येते : मदत कर, नाहीतर इतर देवांच्या सभेत तुझ्याविरुद्ध दाद मागू.

दोन गोष्टी इथे बारकाईने पाहाव्यात. 'तिसरा रिचर्ड'मध्ये भुते झोपलेल्या राजाशी थेट बोलतात, शाप देतात. इथे छाया पॉस्थ्युमसशी एक शब्दही बोलत नाहीत; त्यांचे सगळे बोलणे ज्यूपिटरशी आहे. दुसरी गोष्ट अशी की, या फिर्यादीत त्याच्या गुन्ह्याचे नावही नाही. आईबापांच्या लेखी मुलगा चांगला आहे, दोष याकिमोचा आणि देवाचा. बायकोला मारण्याचा हुकूम कोणी दिला, हे ते बोलत नाहीत. घरच्यांनी अशीच वकिली करावी, तो त्यांचा धर्म. पण त्यामुळे हे स्पष्ट होते की, गुन्हा कबूल करण्याचे काम दुसऱ्या कोणालाही, अगदी मेलेल्या आईलाही, त्याच्या वतीने करता येत नाही. ते त्याने झोपण्याआधी एकट्याने केलेले आहे.

ज्यूपिटरचे अवतरण, ओळी 1 ते 21

मेघगर्जना आणि विजा यांच्यात ज्यूपिटर गरुडावर बसून खाली येतो आणि वज्र फेकतो. छाया गुडघे टेकतात. रंगमंचाच्या वरच्या छताला त्या काळी 'स्वर्ग' म्हणत आणि तिथल्या झडपेतून दोरखंडांनी आसन खाली सोडत.

ओळी 1 ते 8 दरडावण्याच्या आहेत : खालच्या प्रदेशातल्या क्षुद्र आत्म्यांनो, गप्प बसा, आपल्या न कोमेजणाऱ्या फुलांच्या काठांवर परत जा; मर्त्यांची चिंता तुमची नाही, ती आमची. नवव्या-दहाव्या ओळीत ज्यूपिटर आपला नियम सांगतो. ज्याच्यावर त्याचे सर्वाधिक प्रेम, त्याच्याच वाटेत तो अडथळे घालतो, म्हणजे उशिरा मिळालेले दान अधिक गोड लागावे. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातही प्रिय माणसालाच ईश्वर शिस्त लावतो असा विचार आहे, आणि त्या काळच्या श्रोत्यांना तो आठवला असणारच.

या उत्तराने सगळे समाधान होते असे मला वाटत नाही. इमोजेनने जे भोगले, ते नवऱ्याचा आनंद वाढावा म्हणून होते का? ज्यूपिटर त्याला उत्तर देत नाही. तो फिर्याद निकालात काढतो, कारणमीमांसा करत नाही. ओळी 11 ते 16 मध्ये आश्वासने आहेत : पडलेल्या मुलाला आम्ही उचलू, त्याच्या जन्मावर आमच्या ताऱ्याचे राज्य होते, लग्न आमच्या मंदिरात झाले, तो इमोजेनचा स्वामी होईल आणि दुःखामुळे अधिक सुखी होईल. क्षमेचा शब्द मात्र एकवीस ओळींत कुठेही नाही. देव कैद्याचे नाणे वजन करत नाही, हिशेबाची वही उघडत नाही, जिवाला जीव घेत नाही. पॉस्थ्युमसने फेडीचा प्रस्ताव ठेवला होता. ज्यूपिटर फेडीविषयी न बोलता इमोजेनच परत देऊ करतो. शेवटी एक लेख कैद्याच्या छातीवर ठेवायला सांगून तो वर जातो.

तो गेल्यावर सिसिलिअस काय सांगतो, ते पाहावे. देवाच्या श्वासाला गंधकाचा वास होता. गरुड जणू नखांनी झेपावणार असा खाली झुकला होता. आणि वर जाताना तोच पक्षी चोचीने पंख साफ करत होता, धनी खूश असला की करतो तसा. दिव्य दर्शनाचे हे वर्णन किती शारीरिक आहे! शेक्सपिअरचा देव धूसर नाही. त्याला वास आहे, त्याच्या पक्ष्याला पिसे विंचरायची सवय आहे.

जागृती आणि लेख

जागा झाल्यावर पॉस्थ्युमस झोपेला आजोबा म्हणतो, कारण तिने त्याला बाप जन्माला घातला, आई आणि दोन भाऊ दिले. आणि जन्मताच ते नाहीसे झाले. थोरामोठ्यांच्या मर्जीवर जगणाऱ्यांची स्वप्ने अशीच हातात काही न ठेवता विरतात, अशी खंत तो करतो. लगेच स्वतःला दुरुस्त करतो : पुष्कळांना तर स्वप्नही पडत नाही, लायकी नसते आणि तरी कृपा लाभते, मलाही हे सोन्यासारखे दान मिळाले आहे आणि का, ते कळत नाही.

'का ते कळत नाही' हे उमगणे हा या प्रवेशाचा कळस मानावा. झोपण्यापूर्वी हिस्से आणि वजने मोजणारा माणूस आता न मोजता येणाऱ्या गोष्टीपाशी पोहोचला आहे.

छातीवर त्याला लेख सापडतो. त्यातली भविष्यवाणी गूढ आहे : सिंहाचा छावा, कोवळ्या हवेचा झोत, देवदाराच्या तोडलेल्या फांद्या पुन्हा जुन्या खोडाला जुळणे. शेवटच्या प्रवेशात शकुन सांगणारा फिलार्मोनस तिचा उलगडा करतो : छावा म्हणजे पॉस्थ्युमस, हवा म्हणजे इमोजेन, देवदार म्हणजे सिंबेलीन आणि फांद्या म्हणजे हरवलेले दोन राजपुत्र. पॉस्थ्युमसला मात्र आत्ता यातले काहीच कळत नाही. हे वेड्याचे बोलणे असेल किंवा बुद्धीला न सुटणारे असेल, असे तो म्हणतो. माझे आयुष्यही असेच आहे, तेव्हा या साम्यापोटी मी हा लेख जवळ ठेवतो, एवढाच त्याचा निर्णय. अर्थ न कळताही जवळ ठेवणे, ही श्रद्धेची फार प्रामाणिक व्याख्या आहे.

पहारेकऱ्याचे गद्य

पहारेकरी परत येतो आणि फाशीची वेळ झाल्याचे सांगतो. मरायला तयार आहेस का, या प्रश्नावर पॉस्थ्युमस म्हणतो, केव्हाच भाजून निघालो आहे. मग पहारेकरी हिशेबाची भाषा हाती घेतो : देणे जड आहे, पण सुख हे की, पुढे गुत्त्याचे बिल येणार नाही, एका पेनीच्या दोरीत हजारोंचा जमाखर्च मिटतो. स्वगतातले ऋणको, नाणे, हिशेब हेच सगळे इथे रस्त्यावरच्या भाषेत परत येते. मृत्यूने खाते बंद होते, हा पहारेकऱ्याचा सिद्धान्त पॉस्थ्युमसच्या झोपेआधीच्या सिद्धान्ताहून फार वेगळा नाही. आता मात्र दोघांत अंतर पडले आहे. कुठल्या वाटेने जायचे ते तुला ठाऊक नाही, असे पहारेकरी म्हणतो, तेव्हा पॉस्थ्युमस शांतपणे सांगतो की, त्या वाटेसाठी डोळे सगळ्यांना आहेत. जे मिटून घेतात तेच आंधळे.

इतक्यात निरोप्या येतो : बेड्या काढा, कैद्याला राजापुढे न्या. सगळे गेल्यावर पहारेकरी एकटा उरतो आणि एक इच्छा बोलून दाखवतो : सगळ्यांचे मन एक असावे आणि ते चांगले असावे; तसे झाले तर पहारेकरी आणि फाशीचे खांब दोन्ही ओस पडतील. हे माझ्या पोटावर पाय देणारे आहे, हेही तो जाणतो. मुक्तीचा विचार कैद्याच्या जिवातून निघून त्याला कोंडणाऱ्यापर्यंत पोहोचला, तो इथे.

उपसंहार

दर्शनाने माणूस बदलून निर्दोष होतो, असे शेक्सपिअर म्हणत नाही. पुढच्याच प्रवेशात इमोजेन पोराच्या वेषात जवळ येते तेव्हा हाच पॉस्थ्युमस तिला ओळखत नाही आणि फटका मारून खाली पाडतो. राग गेलेला नाही. पण त्याच प्रवेशात याकिमो गुडघे टेकून शिक्षा मागतो, तेव्हा पॉस्थ्युमस त्याला सोडून देतो आणि यापुढे लोकांशी नीट वागायला सांगतो. ते पाहून राजाही सगळ्या कैद्यांना माफी जाहीर करतो. ज्याला फेडीशिवाय मिळाले, त्याने फेडीशिवाय दिले. बंदिशाळेतल्या दर्शनाचे फळ हे आहे, आणि दर्शन गाळले तर या क्षमेचे मूळच हरवते.

इंग्रज नट डेव्हिड गॅरिकने 1761 च्या आपल्या रंगावृत्तीत हे दर्शन वगळले, आणि पुढेही पुष्कळांनी ते अडचणीचे मानले. मराठी रंगभूमीशी या नाटकाचे नाते जुने आहे : विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी 1879 मध्ये 'तारा' या नावाने त्याचे रूपांतर केले. आज कोणी मराठीत 'सिंबेलीन' पुन्हा उभे करणार असेल, तर त्याला एवढीच विनंती : गरुड, वज्र, जुना ठेका आणि पहारेकऱ्याचे गद्य यांसह हा प्रवेश पुरता करावा. नाटकाचा शेवटचा माफीनामा खरा वाटायचा असेल, तर तो या कोठडीतूनच यायला हवा.